आठ हात कासरा

सिंदेवाहीपासून जंगलाच्या अंगाने आत गेलं की कोसंबटोला लागतो. या गावाला पटाचा भारी नाद. पट म्हणजे बैलांच्या जोड्यांची शर्यत, धान घरात आलं की हिवाळ्यात भरणारी. मध्ये काही वर्षं बैल पळवायला बंदी होती, तेव्हा आजूबाजूची गावं कपाळाला हात लावून गप्प बसली. कोसंबटोला गप्प बसणारं गाव नाही. बैल नाहीत तर नाहीत, पोरं तर आहेत, असं म्हणून त्यांनी सायकलींचा पट लावला आणि नियम मात्र एकही बदलला नाही.

बैल दोन असतात, म्हणून सायकलवालेही दोन. जू कुठून आणायचं? तर दोघांच्या कमरेला एकच कासरा, आठ हात लांब, एक गाठ इकडे, एक गाठ तिकडे. पळता पळता एक बैल पडला आणि जोत दुसऱ्याच्या गळ्याला आवळलं तर ते कापायला हाकणाऱ्याच्या कमरेला सुरी असते, म्हणून प्रत्येक सायकलवाल्याच्या कमरेलाही बोटभर पात्याची सुरी. जोडीतला मागचा गडी रेघ ओलांडेल तेव्हा जोडी आली असं धरायचं. कासरा कापलेला दिसला की जोडी बाद. पुढे बैलांवरची बंदी उठली, बैल पुन्हा पळायला लागले, पण सायकलींचा पट काही गेला नाही. माणसांची हाडं मोडताना बघण्यात जास्त मजा आहे, हे तोवर गावाच्या लक्षात आलं होतं.

गेल्या वर्षीच्या पटात सुकलू मेला.

सुकलू म्हणजे आदेशचा मोठा भाऊ. त्याची जोडी प्रणितबरोबर. चार वर्षं दोघं एका कासऱ्यात पळाले आणि तीनदा पहिले आले. अकरा किलोमीटरच्या वाटेत सातव्या किलोमीटरला दगडाची जुनी खदान आहे. रस्ता तिथे डावीकडे वळतो आणि उजव्या हाताला, कठडा नाही की काही नाही, सरळ ताडभर खोल खड्डा. सुकलू उजवीकडे होता. तो त्या वळणावर खाली गेला. कसा गेला ते कोणी पाहिलं नाही. गावाने पाहिलं ते एवढंच, की प्रणित एकटा पळत आला, हनुवटी फाटलेली, छातीची सालं निघालेली, आणि कमरेचा कासरा लांबच्या लांब मागे मातीत लोळत होता. सुकलूला खदानीतून वर काढलं तेव्हा त्याच्या कमरेला गाठ होती आणि गाठीला वीतभर तुकडा.

एवढं पाहिल्यावर कोणाला काय विचारायचं होतं? जोत कापतात ते उभ्या बैलाला वाचवायला. पडलेला बैल स्वतःचं जोत कापत नाही, हे कोसंबटोल्यात शेंबड्या पोरालाही कळतं. प्रणित सगळ्यांपुढे म्हणाला, "कासरा सुकलूनंच कापला." तो पुढे काही बोलायच्या आत आदेशने त्याच्या तोंडावर असा ठोसा मारला की समोरचा दात मातीत पडला. आदेशचा हात कोणी धरला नाही. दुसऱ्या दिवशी प्रणित गडचांदूरला निघून गेला आणि तिथल्या सिमेंटच्या कारखान्यात कामाला लागला. गावाला वाटलं, चला, ब्याद गेली.

पण पटाचा आणखी एक नियम होता, बैलांचाच. जोडीतला एक मेला, तर मागे राहिलेल्याने पुढचा पहिला पट मेलेल्याच्या गोठ्यातल्या बैलाबरोबर पळायचा. त्याशिवाय त्याला कोणी जुवाला लावायचं नाही. या वर्षी आदेश पटाचे म्हातारे पंच सोमाजीभाऊ यांच्याकडे आपणहून गेला आणि म्हणाला, "सुकलूच्या जागी मी पळतो. बोलवा त्याले." सोमाजीभाऊंचे डोळे भरून आले. पोराने राग गिळला, गावाचा नियम राखला, असं ते चार ठिकाणी सांगत सुटले. देवमाणूस होते बिचारे, त्यांना काय कळणार? आदेशने राग गिळला नव्हता. वर्षभर तो रागावर जगला होता. त्याला प्रणितला त्याच वळणावर, त्याच बाजूने, त्याच खड्ड्यात टाकायचं होतं आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत कासरा कापायचा होता. सुकलूला त्या वेळी काय दिसलं ते प्रणितला दाखवायचं होतं, बस.

ही गोष्ट जगात आणखी एकाच माणसाला माहीत होती. पटाच्या दिवशी सकाळी आई गुणाबाईने पेटीतून तो वीतभर तुकडा काढला आणि आदेशच्या डाव्या मनगटाला बांधला. बाहेर आभाळ फाटलं होतं. जानेवारीतला अवकाळी पाऊस, अंगाला सुया टोचाव्यात तसा. शेजारी म्हणत होते, पट रद्द करतील. गुणाबाईने गाठ दाताने आवळली.

"वळणावर भावाले विसरजो नको," ती म्हणाली.

"नाई विसरत, मा."

"अना तू सांभाळून."

पट काही रद्द झाला नाही. आठ जोड्या आल्या होत्या, सगळ्यांच्या सायकली काळ्या, दुहेरी दांडीच्या, गिअर नसलेल्या, कारण बैलाला गिअर नसतो. गावाबाहेरच्या रेघेवर लोक डोक्यावर प्लास्टिकची पोती घेऊन उभे होते. प्रणित आला. वर्षभरात वाळला होता, केसांत सिमेंटची धूळ मुरल्यासारखा पांढुरका झाला होता. त्याने आदेशकडे पाहून मान हलवली तेव्हा समोरच्या दाताची खिडकी दिसली. आदेशला ती बघून बरं वाटलं.

सोमाजीभाऊ कासरा बांधायला आले तेव्हा आदेश म्हणाला, "मले डावी बाजू पायजे."

सोमाजीभाऊ थबकले. "प्रणित डाव्या बाजूचा हाय, बापू. डावा बैल उजवीकडं जुतला तर पाय टाकत नाई."

"मले डावीच पायजे."

प्रणितने आदेशच्या तोंडाकडे पाहिलं. मग मनगटाच्या तुकड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "राहू द्या, भाऊ," तो सोमाजीभाऊंना म्हणाला. "मी उजवीकडं राह्यतो." आणि सायकल घेऊन तो उजवीकडे जाऊन उभा राहिला.

थाळी वाजली आणि सोळा सायकली चिखलात घुसल्या. पहिले दोन किलोमीटर मातीचे. तिथेच दोन जोड्या आपल्याच कासऱ्यात गुंतून पडल्या आणि एकमेकांना शिव्या घालत बसल्या. मग गिट्टीचा रस्ता सुरू झाला. या रस्त्यावर कंत्राटदाराने गिट्टी पसरली आणि रोलर आणतो म्हणून गेला तो गेलाच. मुठीएवढे दगड सुटे पडलेले, वरून पाऊस, खाली लाल पाणी. चाक दगडावर चढलं की हँडल हातातून उडायला बघायचं. ब्रेक दाबला तर रबर ओल्या रिमवरून नुसतं घसरायचं. सैल पडलेला कासरा चाकात जाऊ नये म्हणून त्याचा मधला भाग दोघांपैकी एकाने दातांत धरायचा असतो. तो प्रणितने धरला, दात नसलेल्या बाजूला सरकवून, एक शब्द न बोलता.

आदेशला पळताना कळलं की प्रणित चांगला पळतो. कुठे जोर लावायचा, कुठे चाक मोकळं सोडायचं, कुठे कासरा ताणून जोडीदाराला हळूच पुढे ओढायचं, सगळं त्याला ठाऊक होतं. आदेशचं चाक गिट्टीत रुतलं की कमरेला एक हिसका बसायचा आणि सायकल सुटायची. सुकलूही असाच सुटत असेल. हे आदेशच्या मनात आलं. त्याने दात खाल्ले आणि पायडलवर उभा राहिला.

चढाच्या वाटेवर, सागाच्या रानात, मागून रोशन आणि इसरूची जोडी आली. हे दोघं रानातल्या गावचे, मोह वेचून आणि बांबू वाहून पाय दगड झालेले. त्यांनी एक भयंकर डाव शिकून ठेवला होता. पुढच्या जोडीच्या एका बाजूने एक जायचा, दुसऱ्या बाजूने दुसरा, आणि त्यांचा ताठ कासरा मधल्या दोघांच्या पाठीत बसायचा. हे नियमात बसत होतं. बैल असं करत नाहीत, म्हणून नियम करणाऱ्यांना सुचलंच नव्हतं.

कासरा आदेशच्या पाठीवरून सरकला, खांद्यावर चढला आणि मानेला वेढा घालून गळ्याला लागला. रोशन डावीकडून, इसरू उजवीकडून, दोघं जिवाच्या आकांताने पायडल मारत होते. आदेशचा श्वास बंद झाला. डोळ्यांपुढे काळं आलं, हँडल सुटलं, दोन्ही हात गळ्याकडे गेले. आता पडलो, एवढंच त्याला कळलं.

प्रणित खाली वाकला होता म्हणून वाचला. त्याने एका हाताने तो परका कासरा पकडला, आपल्या हँडलला दोन वेढे दिले आणि दोन्ही ब्रेक दाबून पाय गिट्टीत रोवले. इसरू सायकलीवरून मागे उडाला, हवेत फिरला आणि तोंडावर पडला. पलीकडे रोशन कमरेतून ओढला गेला, त्याची सायकल पुढे गेली आणि तो मागे आला. हाड मोडल्याचा आवाज पावसातही ऐकू आला. इसरू उठला. तोंडभर रक्त, गालात गिट्टीचा खडा रुतलेला. त्याने हातात मावेल तो दगड उचलला आणि प्रणितच्या कानशिलावर हाणला. प्रणित डगमगला. दुसरा दगड यायच्या आत त्याने सायकलीचा पंप काढून इसरूच्या गुडघ्यावर घातला, एकदा, दोनदा, आणि इसरू खाली बसला तो बसलाच. रोशन खांदा धरून आईच्या नावाने ओरडत होता.

आदेश चिखलात ओणवा होऊन ओकत होता. प्रणित आला. त्याच्या कानातून रक्त गळ्यापर्यंत येऊन पावसात फिकं होत होतं.

"गळा दाखव."

"चाल."

"आवाज फाटला तुह्या. दाखव तर खरं."

"म्हटलं ना, चाल बे."

प्रणितने कासऱ्याचा मधला भाग उचलला, पुसला आणि पुन्हा दातांत धरला. ते निघाले. पुढे आता कोणी नव्हतं आणि मागचे बरेच मागे होते. आदेशचा गळा जळत होता. या माणसाने आत्ता आपला जीव वाचवला ही गोष्ट त्याला दिसत होती आणि ती त्याला नको होती. फार राग आला त्याला. असाच सुकलूचा जीव वाचवला असता तर काय बिघडलं असतं, असं तो स्वतःशी घोकत राहिला, आणि घोकता घोकता उतार लागला.

उताराच्या शेवटी खदानीचं वळण. पावसाचं पाणी रस्त्यावरून वाहत जाऊन उजवीकडे खड्ड्यात पडत होतं, त्याचा आवाज आधी आला. प्रणितने दातांतला कासरा सोडला. वळणावर दोघांनाही मोकळीक लागते म्हणून सोडला, की आणखी कशासाठी, ते त्याला ठाऊक. त्याने मान वळवून आदेशकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं. बाजूला मात्र झाला नाही.

आदेशने उजवा पाय उचलला आणि सगळी ताकद लावून प्रणितच्या हँडलवर लाथ मारली.

पुढचं चाक आडवं झालं. सायकल गिट्टीवरून घसरत कडेपर्यंत गेली आणि प्रणितला घेऊन दिसेनाशी झाली. आदेशला वाटलं होतं, आपण थांबू, उतरू, कडेला उभे राहू, चार शब्द बोलू आणि मग कापू. वर्षभर त्याने हे असंच मनात पाहिलं होतं. कासऱ्याला थांबायला वेळ नसतो हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. कमरेला असा हिसका बसला की तो सायकलीवरून उचलला गेला, छातीवर आपटला आणि दगडांवरून फरफटत कडेकडे निघाला. शर्ट फाटला, छातीची साल निघाली, हनुवटी एका धारदार गिट्टीवर आपटून उघडली. त्याने नखं रोवली, नखं निघाली. डोकं कडेबाहेर आलं. खाली पावसाच्या रेघा, दगड आणि तळाचं हिरवं पाणी दिसलं. जिवाच्या भीतीने त्याला भाऊही आठवला नाही. त्याने कमरेची सुरी काढली आणि हात पोहोचला तिथे कासऱ्यावर चालवली. तीनदा घासल्यावर कासरा तुटला.

ओढ संपली. आदेश मागे सरकला, गुडघ्यांवर उठला. सायकल खाली दगडांवर पडल्याचा आवाज आला, पण माणसाचा आला नाही. त्याने वाकून पाहिलं. कडेलाच पळसाचं एक मूळ बाहेर आलं होतं आणि कासरा धरून वर चढत आलेला प्रणित दोन्ही हातांनी त्याला लोंबकळत होता. पाय हवेत. चेहरा वर.

मग आदेशने जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण त्याने केलं. तो उभा राहिला आणि प्रणितच्या डाव्या हाताच्या बोटांवर टाच मारली. एकदा मारली. पुन्हा मारली. बोटं फुटली, पण सुटली नाहीत. प्रणित ओरडला नाही, नुसता बघत राहिला. आदेशने तिसऱ्यांदा पाय उचलला आणि प्रणितच्या पायांखाली काय हलतंय म्हणून खाली पाहिलं.

कासरा होता. प्रणितच्या कमरेपासून लांबच्या लांब, खड्ड्यात लोंबणारा, वाऱ्याने हेलकावणारा.

आदेशचा पाय तसाच वर राहिला. त्याने आपल्या कमरेकडे पाहिलं. गाठ होती आणि गाठीला वीतभर तुकडा. त्याने मनगटाकडे पाहिलं. तिथेही वीतभर तुकडा, तसाच तिरका कापलेला. सुरी चालवणाऱ्याचा हात आपल्याच कमरेजवळ चालतो, दुसरीकडे पोहोचत नाही. कापणाऱ्याकडे तुकडा राहतो आणि कासरा दुसऱ्याकडे जातो. गेल्या वर्षी कासरा प्रणितच्या मागे लोळत गावात आला होता. अख्ख्या गावाने तो पाहिला होता. आदेशने स्वतः पाहिला होता. सुकलूची सुरी मात्र कोणाला सापडली नव्हती, आणि पाण्यात पडली असेल म्हणून कोणी शोधलीही नव्हती. बैलाला सुरी धरता येत नाही म्हणून आपण सगळ्यांनी माणसालाही बैल समजलं, हे त्याला त्या पावसात, एक पाय वर धरून उभ्या उभ्या कळलं.

तो धप्पकन खाली बसला. मग पालथा झाला आणि हात खाली घातला. प्रणितची बोटं रक्ताने निसरडी झाली होती, धरायला गेलं की सटकत होती. ओढायला कासरा हवा होता, आणि कासरा खाली लोंबत होता. आपणच कापलेला.

"कासरा वर दे," आदेश म्हणाला. "टोक दे मले."

प्रणितने मूळ आणखी घट्ट धरलं.

"प्रणितभाऊ, कासरा दे वर. पाया पडतो तुह्या."

"पुन्हा कापशील," प्रणित म्हणाला. आवाजात राग नव्हता. विचारत होता तो.

आदेशने सुरी खदानीत फेकून दिली. ती पाण्यात पडेपर्यंत दोघंही ऐकत राहिले. मग प्रणितने डोळे मिटले, फुटलेल्या डाव्या हाताने मूळ धरून ठेवलं आणि उजवा हात सोडला. मूळ कडाडलं. त्याने कमरेजवळचा कासरा पकडला, हातभर वर ओढला, दातांत धरला, पुन्हा हातभर ओढला, पुन्हा दातांत धरला. असं करत करत टोक हाताशी आलं. ते त्याने वर केलं. आपला कासरा ज्याने कापला त्याच्याच हातात त्याने तो पुन्हा दिला. एवढी छाती आपल्यात नाही हे आदेशला त्या वेळीच कळून चुकलं.

त्याने टोक आपल्या छातीभोवती गुंडाळलं, सायकल आडवी करून तिची दांडी रस्त्याकडेच्या दगडात अडकवली, तिच्यावर टाचा रोवल्या आणि ओढायला सुरुवात केली. मूळ तुटलं. सगळा भार एकदम कासऱ्यावर आला, कासरा तळहातांतून सरकला आणि कातडं घेऊन गेला. आदेश किंचाळला पण सोडला नाही. गिट्टी टाचांखालून सुटत होती, सायकल कडेकडे सरकत होती. हातभर, पुन्हा हातभर. शेवटी कडेवर एक कोपर आलं, मग दुसरं, मग रक्ताने आणि लाल चिखलाने माखलेलं ते तोंड. आदेशने त्याला केसांना धरून, बखोटीला धरून, मिळेल तिथे धरून रस्त्यावर ओढलं आणि दोघं गिट्टीत शेजारी शेजारी पडून राहिले.

दम परतल्यावर आदेश म्हणाला, "तूनं काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं," प्रणित म्हणाला. "तू दात पाडला."

आदेश रडायला लागला. पावसात रडणं दिसत नाही म्हणतात, पण त्याचं दिसत होतं.

"कापताना काय म्हणे सुकलू?"

"तो खाली लटकून होता. मी वर ओढला जाऊन राह्यलो होतो. आता तू गेला ना, तसाच. माह्यी मान बाहेर आली अना त्यानं माह्या तोंडाकडं पाह्यलं. म्हणे, दोघं काऊन?" प्रणितने तोंडावरचं पाणी पुसलं. "एवढंच म्हणे. अना सुरी काढली."

मागच्या जोड्या आल्या, बघून दचकल्या आणि पुढे निघून गेल्या. पट होता तो, कोण थांबणार?

"तुले माहीत होतं आज मी काय करीन ते?"

"तूनं डावी बाजू मागतली तवाच समजलं."

"मंग आला काऊन?"

"त्याच्या गोठ्यातलं कोणीतरी माह्यासंग पळावं असं वाटे," प्रणित म्हणाला. "वर्षभर."

उरलेले चार किलोमीटर ते चालत आले. आदेशची एकच सायकल उरली होती. तिचं पुढचं चाक वाकडं झालं होतं. प्रणितच्या बरगड्या मोडल्या होत्या, तो सायकलीच्या सीटवर ओणवा पडून चालत होता आणि आदेश ती ढकलत होता. प्रणितच्या कमरेचा कासरा मागे गिट्टीत लोळत होता. तो गुंडाळून घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही.

रेघेवर अर्धं गाव उभं होतं. सोमाजीभाऊंनी लोळणारा कासरा पाहिला, आदेशच्या कमरेचा तुकडा पाहिला आणि पडक्या आवाजात म्हणाले, "जोडी बाद." कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, यानं पुन्हा कापला, बघा. गर्दीतून गुणाबाई पुढे आली. तिला दोघं दिसायला नको होते, एकच हवा होता. तिने शेजारच्या माणसाच्या हातातली काठी ओढून घेतली आणि प्रणितच्या पाठीत घातली. तो सायकलीवरून घसरला आणि गुडघ्यांवर आला. तिने दुसऱ्यांदा काठी उचलली. आदेश मध्ये आला. ती काठी त्याच्या खांद्यावर बसली.

"बाजूले हो."

"मा, हे पाह्य."

त्याने मनगटाचा तुकडा सोडला. कमरेच्या तुकड्याची गाठ सुटेना म्हणून कमरेसकट तिच्यापुढे धरला आणि सुकलूचा तुकडा शेजारी लावला. दोन्ही वीत वीतभर.

"हा कोनं कापला?" गुणाबाईने विचारलं.

"म्या. माह्याच हातानं." मग त्याने प्रणितच्या कमरेपासून मागे गेलेला कासरा दाखवला, आणि सुकलूचा तुकडा तिच्या हातात ठेवला. "अना हा सुकलूनं, मा. त्याच्याच हातानं."

गुणाबाईने तुकड्याकडे पाहिलं. लोळणाऱ्या कासऱ्याकडे पाहिलं. तिने वीत ताणून दोन्ही तुकडे मोजले, पुन्हा मोजले. वर्षभर रोज सकाळी तिने तो तुकडा पेटीतून काढून पाहिला होता आणि रोज प्रणितच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. हसणारा मागे सरकला. पाऊस तेवढा पडत होता.

काठी तिच्या हातातून पडली. ती प्रणितपुढे चिखलात बसली. त्याचा शर्ट वर केला. कासऱ्याची गाठ पाण्याने फुगून पोटात रुतली होती आणि भोवती मांस काळंनिळं झालं होतं. तिने बोटांनी ओढून पाहिलं, गाठ हलली नाही.

"थांब गुणाबाई, सुरी देतो," सोमाजीभाऊ म्हणाले आणि कमरेची सुरी पुढे केली.

"नाई," गुणाबाई म्हणाली.

तिने सुरी हाताने बाजूला सारली, प्रणितच्या कमरेशी तोंड नेलं आणि ती गाठ दातांनी सोडवायला लागली. वेळ लागला. तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. पण कासऱ्याला तिने सुरी लागू दिली नाही.